अंगणाचं माप

भिंगारच्या जुन्या बाजारात कापडाच्या दुकानांची ओळ संपते तिथे माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. वडिलांनी काढलेलं. पाटीवर अजून त्यांचंच नाव आहे, बाबाजान फ्रेम वर्क्स. लष्कराच्या पलटणी बदलून जातात तेव्हा निरोपाचे मोठे ग्रुप फोटो निघतात. त्यांच्या फ्रेमा हे आमचं निम्मं काम. बाकी देवाच्या तसबिरी, कुराणाच्या आयती, लग्नाचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो.

अब्बांची एक सवय मला लागली आहे. माप घेतलं की ते तोंडाने मोठ्याने म्हणायचं आणि सुताराच्या लाल पेन्सिलीने तिथल्या तिथे लाकडावर लिहायचं, खाली तारीख. इंच आणि सूत. इंचाचे आठ सूत. अठरा वर्षं मी हे करतोय आणि माझ्या मापात एका सुताच्या वर चूक निघाल्याचं मला आठवत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्याला माझ्या मापाशिवाय दुसरा आधार नाही.

सत्यशीला दहिफळे मॅडम सहा वर्षांपूर्वी पहिल्यांदा दुकानात आल्या. त्याआधी त्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. माझी थोरली मुलगी त्यांच्या हाताखाली शिकली. नोकरी सोडून त्यांनी भिंगारमध्येच एक जुनं स्टाफ क्वार्टर स्टुडिओसाठी भाड्याने घेतलं होतं. उंच छत, वर कौलं, उत्तरेला दोन खिडक्या. सकाळी दहाला त्या कुलूप काढायच्या आणि पाचला लावायच्या, ऑफिसला गेल्यासारख्या. आत जवसाच्या तेलाचा वास असायचा. एका खुर्चीवर चिंध्यांचा ढीग, एकीवर त्या स्वतः. मी कॅनव्हास ताणून द्यायला गेलो की उभाच राहायचो, कारण तिसरी खुर्ची नव्हती.

गेली दोन-तीन वर्षं त्या अंगणं काढत होत्या. पाथर्डीकडे दिवाळी झाली की घरंच्या घरं ऊसतोडीला जातात. तिकडे त्याला कोयत्याला जाणं म्हणतात. मागे राहतात ती कुलूप लावलेली दारं, पालथी घातलेली भांडी आणि झाडून ठेवलेली अंगणं. मॅडमचे आईवडील दोघंही कोयत्याला जायचे. त्याही त्यांच्याबरोबर जायच्या. दर साली सहा महिने त्यांचं घर म्हणजे साखर कारखान्याच्या बाजूची, उसाच्या पाचटाची झोपडी.

मी एकदा विचारलं होतं, "रिकामंच का काढता मॅडम? माणूस एकही नाही."

त्या ब्रश पुसत म्हणाल्या, "ट्रॅक्टर निघाला की मी मागे तोंड करून बसायचे. घर दिसेनासं होईपर्यंत. आम्ही नसताना ते काय करत असेल, हे मला कधी कळलंच नाही."

अशी नऊ चित्रं झाली. नऊ खरी अंगणं, नऊ खरी गावं. त्यातलं सातवं गर्भगिरीच्या पायथ्याच्या खडकवाडीचं, सहादेव आणि गोजरबाई नावाच्या जोडप्याच्या घरापुढचं. मॅडम जानेवारीत दोन दिवस तिथे जाऊन बसल्या होत्या. पाथर्डीपर्यंत एसटी, पुढे जीप. बाकीचं काम त्यांनी स्टुडिओत उरकलं. चित्रात डावीकडे निळं दार, त्याला कुलूप. दाराशेजारी पालथा पाण्याचा ड्रम. मधे सारवलेलं अंगण. ऊन सकाळचं, उजवीकडून येणारं. उजव्या टोकाला कडुलिंबाचं खोड आणि खोडाला लागूनच चित्र संपलेलं. तीस बाय अठ्ठेचाळीस.

नोव्हेंबरात पुण्याला प्रदर्शन झालं. पेपरात मॅडमचा फोटो आला. मी चित्रांसाठी दोन लाकडी पेट्या करून दिल्या होत्या, आत प्रत्येक चित्राच्या मापाची खाच. परत आलेली पेटी दुकानात उघडली, तर सात नंबर खाचेत नव्हतं. तिरकं ठेवून, बाजूने पुठ्ठे कोंबून आणलं होतं. मला राग आला. चित्र काढून मी ते खाचेत सरकवून बघितलं. जाईना.

टेप लावली. "आडवी अठ्ठेचाळीस इंच सहा सूत," मी म्हणालो आणि चित्र उलटं केलं. मागच्या लाकडी पट्टीवर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, ३० x ४८. खाली तारीख.

मी गुण्या लावला. चारही कोपरे काटकोनात. दोन्ही कर्ण सारखे. खिळे माझेच, मी ठोकले तिथेच, एकाचंही डोकं उचकटलेलं नाही. लाकूड फुगतं, पण ते जाडीत आणि रुंदीत. लांबीत लाकूड वाढत नाही. हे सुताराच्या पोरालाही माहीत असतं.

लिहिताना माझी चूक झाली असेल, असं मी ठरवलं. तसं ठरवायला दोन दिवस लागले. मग पेटीतली खाच मोठी केली आणि विषय सोडला. उजवीकडे खोडाच्या पलीकडे आता अंगणाची बोटभर पट्टी दिसत होती, पण ती आधीही असेल, मीच नीट बघितलं नसेल.

जानेवारीत मुंबईचं प्रदर्शन होतं. टेम्पोत चढवण्याआधी मी मॅडमना टेपचं दुसरं टोक धरायला लावलं.

"कशाला?"

"असंच. धरा."

अठ्ठेचाळीस, सहा सूत. जुन्या मापाखाली नवं लिहिलं, नवी तारीख घातली. माझी बायको सुमैरा हिने सगळी चित्रं गुंडाळून दिली. ती हे काम माझ्यापेक्षा नीट करते.

आठ दिवसांनी मी चित्रं उतरवायला मुंबईला गेलो. गॅलरी पांढऱ्या भिंतींची, थंडगार. दुपारचे बारा वाजले होते. प्रदर्शन आदल्या दिवशीच संपलं होतं, मॅडम एकट्याच सात नंबरपुढे उभ्या होत्या. मी टेप लावली. पन्नास इंच दोन सूत. या वेळी मी माप मोठ्याने म्हणालो नाही.

मॅडम टेपकडे बघतच नव्हत्या. त्या चित्राच्या उजव्या कडेकडे बघत होत्या.

"शाहबाजभाई," त्या म्हणाल्या, "हे मी काढलेलं नाही."

खोडाच्या पलीकडे अंगण पुढे गेलं होतं आणि त्यावर एक सावली पडली होती. डोक्याची. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईची असते तशी, गोल आणि एका बाजूला जरा पुढे आलेली. बाकीची बाई चित्राच्या बाहेर असावी.

मॅडमनी नखाने कडेचा रंग कुरतडून बघितला. "वाळलेला आहे. सहा-आठ महिन्यांचा तरी. आणि हात माझाच आहे. मी सावलीत निळा असाच मिसळते, थोडा गेरू घालून."

मी गॅलरीच्या टेबलावरचा कॅटलॉग आणला. तो पुण्याच्या आधी छापलेला होता. त्यात जुनं चित्र असणार, म्हणजे निदान आम्हाला वेड लागलेलं नाही एवढं तरी ठरलं असतं. सातव्या पानावर चित्र होतं. त्यात सावली होती. खाली छापलं होतं, तीस बाय अठ्ठेचाळीस इंच. मी छापील चित्राला टेप लावली आणि हिशोब केला. तिसाला पन्नास इंच दोन सूत, असं प्रमाण निघत होतं.

मॅडमच्या फोनमध्येही चित्र होतं, स्टुडिओतल्या स्टँडवर असताना काढलेलं. त्यातही सावली होती.

टेम्पोत बसून येताना पनवेल मागे पडलं. पुढे मॅडमनी विचारलं, "तुम्हाला नक्की आठवतंय ना? खोडाशी संपत होतं?"

"माझ्या हातचं लिहिलेलं आहे मागे," मी म्हणालो. "दोन्ही मापं."

"मापं आहेत. पण तुम्हाला आठवतंय का?"

मी आठवायला लागलो. जितका आठवत गेलो तितकी ती सावली पक्की होत गेली. म्हणून मी आठवणं सोडून दिलं.

घरी आल्यावर सुमैराला विचारलं. ती पीठ मळत होती. "होती की सावली," ती म्हणाली. "पुण्याला न्यायच्या आधी मी गुंडाळत होते तेव्हा विचारलं पण होतं तुम्हाला, ही कोणाची म्हणून. तुम्ही बोललात, चित्रातलं आपल्याला काय कळतं."

असं बोलल्याचं मला आठवत नव्हतं. पण ते वाक्य माझं होतं. मी असंच बोलतो.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले नाहीत. एका पलटणीच्या ग्रुप फोटोची फ्रेम मी तीनदा कापली आणि तिन्ही वेळा मोठी झाली, कारण टेपवर दिसतं त्यात मी मनाने थोडं वाढवत होतो. नवीन टेप आणली. जुनी आणि नवीन शेजारी ठेवून बघितल्या, दोन्ही सारख्याच होत्या. घरच्या दाराची चौकट मोजली, पलंग मोजला. सुमैरा बघत राहायची. एकदा फक्त म्हणाली, "ते चित्र परत देऊन टाका त्यांचं त्यांना."

फेब्रुवारीत मॅडम दुकानात आल्या. "खडकवाडीला जाऊ या," त्या म्हणाल्या. "जागा बघून येऊ. तुमची टेप घ्या."

आम्ही सकाळच्या एसटीने पाथर्डीला गेलो आणि तिथून जीप केली. वाडी अर्धी कुलपातच होती. रस्त्यावर दोन कुत्री आणि एक बिनबैलाची गाडी. सहादेवच्या घरापुढे आम्ही उभे राहिलो. निळं दार, कुलूप, ड्रम, लिंब. चित्रातल्यासारखंच सगळं. मॅडम जिथे बसून चित्र काढत होत्या तिथे त्यांनी मला बसवलं आणि हाताची चौकट धरायला सांगितली. मी दोन्ही हातांत ते अंगण धरलं. लिंबाच्या पलीकडे काही नव्हतं. मोकळी जमीन, मग बांध, मग डोंगर. कुणी उभं राहावं असं तिथे काही कारणच नव्हतं. दळायला, धुवायला, सावलीला, कशालाही नाही.

समोरच्या घरातून एक म्हातारा बाहेर आला. बन्सीबाबा. मुलं-सुना कोयत्याला गेलेली, हा शेळ्या राखायला मागे राहिलेला. त्याने मॅडमना लगेच ओळखलं.

"चित्रवाल्या बाई न्हवं तुमी? या, बसा. च्या टाकतो."

"नको बाबा, त्रास नको."

"तरास कसला. मागल्या खेपंला बी पाजलाच की तुमाला." त्याने माझ्याकडे बघितलं. "ह्ये कोन?"

"माझ्या चित्रांच्या फ्रेमा करतात. शाहबाजभाई."

"बरं, बरं." तो ओट्यावर टेकला. "आन् त्या दुसऱ्या बाई न्हाई आल्या ह्या येळी?"

मॅडम म्हणाल्या, "कोण दुसऱ्या? मी एकटीच आले होते."

बन्सीबाबा हसला. थट्टा केल्यावर हसतात तसा. "एकट्या कशाच्या. दोघी हुता. तुमी हितं बसून रंगवत हुता आन् ती तितं हुबी हुती." त्याने लिंबाच्या पलीकडे हात केला. "दोनी दिस. म्या म्हनलं, बसत का न्हाई ही बाई. पाय दुकत न्हाईत का हिचं."

"बाबा, मी खरंच एकटी होते."

"म्या दोन कप आनलं हुतं," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. त्याला राग आल्यासारखा वाटला, म्हाताऱ्या माणसाला आपण खोटं ठरवतोय याचा. "तुमाला दिला. तिला दिला. तिनं पिला न्हाई, झाडाच्या बुडाला ठिवला. तुमीच मला म्हनला, राहू द्या, पिईल ती मागून."

मॅडम झाडाच्या बुडाकडे बघत होत्या.

मी विचारलं, "दिसायला कशी होती?"

"ऊन तिच्या मागून यायचं. तोंड काय दिसलं न्हाई." त्याने जरा विचार केला. "ह्यांच्याच उंचीची असंल. पदर डोक्यावर. पर बोलली न्हाई कवा. तुमच्या पावन्या हायेत म्हनून म्या बी काय इचारलं न्हाई."

मी टेप काढली आणि खोडापासून बांधापर्यंत माप घेतलं. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. काहीतरी मोजायला हवं होतं. निघताना मॅडमनी बन्सीबाबाला आपला नंबर दिला आणि सांगितलं, पुन्हा कुणी दिसलं तर फोन करा. त्याने तो नातवाच्या वहीच्या पानावर लिहून घेतला.

एसटीत मॅडम खिडकीशी बसल्या होत्या. तिसगाव मागे गेल्यावर त्या म्हणाल्या, "चित्र कधी वाढतं, तुमच्या लक्षात आलंय का?"

आलं होतं. माझ्या दुकानात ते महिनाभर पडून होतं तेव्हा एक सूतही वाढलं नव्हतं. वाढलं ते पुण्यात आणि मुंबईत, लोकांनी बघितल्यावर.

"आता नगरचं प्रदर्शन आहे," त्या म्हणाल्या. "त्यात अजून दीड-दोन इंच आलं, तर खांदा दिसेल. त्यानंतर दोन-तीन प्रदर्शनं झाली, की ती पूर्ण दिसेल."

मला वाटलं होतं त्या घाबरल्या असतील. त्या घाबरलेल्या नव्हत्या. जत्रेला निघालेल्या माणसाचं असतं तसं त्यांचं तोंड झालं होतं.

"मॅडम, सात नंबर लावू नका," मी म्हणालो. "आठच लावा. कुणी विचारत नाही."

"दोन दिवस ती माझ्यासमोर उभी होती, शाहबाजभाई. मी तिला सोडून सगळं काढलं. झाड काढलं, ड्रम काढला. तिलाच कसं बघितलं नाही?"

त्या ऐकणार नाहीत, हे मला कळलं. पण मी एक अट घातली. चित्र मी माझ्या पद्धतीने बसवीन. त्या हो म्हणाल्या.

तोपर्यंत चित्रांना बाहेरून फ्रेम नव्हती, नुसता पट्ट्यांवर ताणलेला कॅनव्हास. ओळखीच्या वेल्डरकडून लोखंडी अँगलची चौकट करून घेतली, आतून बरोबर तीस बाय पन्नास इंच दोन सूत. चित्र तिच्यात ठोकून बसवावं लागलं, एवढी ती घट्ट होती. कोपरे वेल्ड केलेले. दोन माणसांनी उचलावी लागे. वाढायचं असेल तर आता लोखंड फाडून वाढ, असं मी मनात म्हणालो. हे अर्थात मी मॅडमना सांगितलं नाही.

नगरचं प्रदर्शन मार्चच्या पहिल्या आठवड्यात सावेडीतल्या एका सभागृहात होतं, सहा दिवस. आपल्या गावचं म्हणून खूप लोक आले. शाळेच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, कारखान्यांवरचे लोक आले, पाथर्डीकडची माणसं आली आणि आपापली अंगणं शोधत फिरली. सात नंबरपुढे लोक नेहमीपेक्षा जरा जास्त थांबायचे. का थांबलो, हे त्यांना कळत नसावं. एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "बाहेर कोणीतरी आहे गं," आणि दोघी पुढे गेल्या.

मी रोज सकाळी अकराला, दार उघडायच्या आधी, जाऊन बघायचो. पहिल्या दिवशी सावली होती तशी होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मला ती थोडी लहान वाटली. कडेकडे सरकल्यासारखी.

चौथ्या दिवशी डोक्याचा अर्धा गोलच उरला होता.

लोखंड कामाला आलं होतं. मागे वळलो तर मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्याही ते लक्षात आलं होतं.

"ती चाललीये," त्या म्हणाल्या.

"बरंच आहे की मॅडम."

"कुठे चाललीये पण?"

पाचव्या दिवशी कडेला नखाएवढा निळसर डाग होता. मॅडम दिवसभर त्याच्यापुढे खुर्ची घेऊन बसल्या. भेटायला आलेल्यांशी बसूनच बोलल्या, मान न वळवता. त्यांनी दुपारचं जेवण केलं नाही.

सहाव्या दिवशी, शेवटच्या दिवशी, मी अकराला दार उघडलं.

चित्र लोखंडी चौकटीत सैल झालं होतं. डावीकडे टेकलेलं, आणि उजवीकडे चौकट आणि चित्र यांच्यामध्ये फट होती. फटीतून भिंतीचा चुना दिसत होता. खोड चित्राच्या कडेला लागून होतं. खोडापलीकडे काही नव्हतं.

मी टेप लावली. "आडवी अठ्ठेचाळीस," मी मोठ्याने म्हणालो. फटीचं माप घेतलं. दोन इंच दोन सूत.

मी तिथेच जमिनीवर बसलो. किती महिन्यांनी माझं माप बरोबर आलं होतं. सुमैराला फोन करून विचारावं असं वाटलं, की चित्रात कधी सावली होती का. पण मी विचारलं नाही.

मॅडम साडेअकराला आल्या. त्यांनी चित्र बघितलं, फट बघितली. फटीत हात घालून मागची भिंत चाचपली. मग रडल्या. माणूस गेल्यावर रडतात तसं नाही, स्टँडवर गाडी चुकल्यावर एखादी बाई रडते तसं, थोडं आणि चिडून.

"झालं ते चांगलं झालं," मी म्हणालो. "संध्याकाळी चित्रं उतरवू. सात नंबर तुमच्या स्टुडिओत भिंतीकडे तोंड करून ठेवू."

"हो," त्या म्हणाल्या.

मी बाहेरून चहा आणला. आम्ही चहा प्यायलो. हॉलमध्ये अजून कोणी आलं नव्हतं. उन्हामुळे काचेच्या दाराबाहेरचा रस्ता पांढरा दिसत होता.

बाराच्या सुमाराला मॅडमचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता. त्यांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला, कारण हात चहाने चिकट झाले होते.

"चित्रवाल्या बाई का?" आवाज बन्सीबाबाचा होता. मागे शेळ्या ओरडत होत्या. "तुमी म्हनला हुता, फोन करा म्हनून."

"हो बाबा. बोला."

"त्या तुमच्या पावन्या आल्यात हितं. एकट्याच."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

"कधी आल्या?" त्यांनी विचारलं.

"सकाळच्यानं हायेत. लिंबाखाली हुत्या. आता हितं माझ्या ओट्यावर येऊन बसल्यात. म्या म्हनलं, बसल्या बाई एकदाच्या." तो जरा थांबला. "ह्या येळी बोलत्यात की. गप न्हाईत मागल्यासारख्या."

"काय म्हणतायत?"

"तुमाला इचारत्यात. कवा येनार म्हनून. आन् ते टेपवाले भाऊ बी येनार का, त्ये इचारत्यात."

मी वर बघितलं. भिंतीवर नऊ अंगणं होती आणि एकातही कोणी नव्हतं.

"हॅलो," बन्सीबाबा म्हणाला. "आवाज येतोय न्हवं? थांबा, मी त्यांच्याकडंच देतो. तुमचं तुमीच बोला."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा खरखराट झाला. शेळ्यांचा आवाज लांब गेला.

मग फोनच्या अगदी जवळ बांगड्या वाजल्या.